मालकांच्या वहीतील माणसे

ॲम्स्टरडॅम येथील राइक्सम्युझियम या विख्यात वस्तुसंग्रहालयात सतराव्या शतकातील एक पितळी गळपट्टा आहे. त्यावर एका उमराव घराण्याची मुद्रा कोरलेली आहे. कित्येक दशके संग्रहालयाच्या नोंदवहीत हा पट्टा कुत्र्याच्या गळ्यातील म्हणून नोंदलेला होता. त्याच काळातील चित्रांत मात्र असे पट्टे श्रीमंतांच्या घरी राबणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांच्या आणि तरुणांच्या गळ्यात स्पष्ट दिसतात. चित्रे भिंतीवर टांगलेली होती, पट्टा कपाटात होता, विद्वान दोहोंच्या मधून येरझारा घालत होते. परंतु दोहोंचा संबंध जोडण्याची बुद्धी कोणालाही झाली नाही. २०२१ साली त्या संग्रहालयाने गुलामगिरीवर एक मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा हा पट्टा माणसाच्या गळ्यातला असू शकेल, हा साधा प्रश्न उघडपणे मांडला गेला.

ही केवळ एका नोंदीतील चूक नव्हे. युरोपातील अभिलेखागारे आणि वस्तुसंग्रहालये कशी घडली, कोणी घडविली आणि त्यांतून कोणाला वगळले, या साऱ्याचे ते सार आहे. कृष्णवर्णीयांचा इतिहास युरोपात नव्हताच, तो विसाव्या शतकातील स्थलांतरितांबरोबर बोटीतून उतरला, असा समज तेथील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या रुजविण्यात आला. वस्तुतः तो इतिहास युरोपच्या राजधान्यांतच, सरकारी दप्तरांच्या गठ्ठ्यांत बांधून ठेवलेला होता. त्यावरची चिठ्ठी तेवढी खोटी होती.

दप्तर हे कधीच निःपक्षपाती नसते. ज्याला कर वसूल करायचा असतो, माल मोजायचा असतो किंवा बंडखोरावर नजर ठेवायची असते, तो लिहून ठेवतो. ज्याच्यावर कर बसतो, जो माल म्हणून मोजला जातो, ज्याच्यावर नजर ठेवली जाते, त्याच्या हाती लेखणी नसते. सावकाराच्या वहीत कुळाचे नाव येते ते देणेकरी म्हणून. कुळाची कहाणी सांगण्यासाठी नव्हे. अटलांटिकच्या पलीकडे नेलेल्या लक्षावधी आफ्रिकनांची नावे युरोपच्या कागदपत्रांत आहेत, पण ती जहाजाच्या मालयादीत, मळ्याच्या जमाखर्चात, विम्याच्या दाव्यांत. १७८१ साली 'झाँग' या जहाजावरून शंभराहून अधिक गुलामांना जिवंत समुद्रात फेकण्यात आले. १७८३ साली लंडनच्या न्यायालयात हे प्रकरण आले ते खून म्हणून नव्हे, तर बुडालेल्या मालाची भरपाई विमा कंपनीने द्यावी की नाही, या वादाच्या रूपाने. आज त्या अभाग्यांविषयी जे काही कळते ते या दाव्यामुळे. मालकाने नुकसानभरपाई मागितली नसती तर त्यांच्या मरणाचाही पुरावा उरला नसता.

या दप्तरांत किती स्फोटक सामग्री दडलेली होती, याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण ब्रिटनचेच आहे. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. या कायद्याचा उदार वारसा म्हणून ब्रिटनने दीडशे वर्षे अभिमान मिरविला. परंतु त्याच कायद्याने २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली, आणि ती गुलामांना नव्हे, मालकांना. सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम होती. सुमारे आठ लक्ष मुक्त झालेल्या माणसांना एक छदामही मिळाला नाही. उलट त्यांतील बहुसंख्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. या भरपाईचे कागद लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुखरूप होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २००९ पासून ते एकेक करून वाचले आणि २०१३ साली त्यांची सूची सर्वांसाठी खुली केली. सुमारे ४६ हजार दावे त्यातून पुढे आले. पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनच्या वडिलांनी २,५०८ गुलामांपोटी १ लक्ष ६ हजार पौंडांहून अधिक रक्कम घेतली, हे नावानिशी लोकांसमोर आले. पाद्री, विधवा, बँकवाले, पार्लमेंटचे सभासद असे सभ्य समाजाचे सारे थर त्या यादीत आहेत. हा पैसा पुढे रेल्वेत, बँकांत, विम्यात आणि बंगल्यांत गुंतला.

या हिशेबाचा शेवट तर अधिकच बोलका आहे. भरपाईसाठी सरकारने मोठे कर्ज काढले होते. ते ज्या सरकारी रोख्यांत मिसळत गेले, ते रोखे २०१५ साली पूर्णपणे फेडले गेले. म्हणजे ज्यांचे पूर्वज त्या मळ्यांवर राबले, असे कॅरिबियन वंशाचे बसचालक, परिचारिका आणि कामगार लंडनमध्ये कर भरून पूर्वजांच्या मालकांची भरपाई फेडत होते, आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. इतिहासाची ही बाब केवळ विद्वानांच्या चर्चेची आहे असे म्हणणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा डोळ्यांखालून घालावा.

श्रमिकांच्या चळवळीला तर या शोधात आपलेच हरवलेले सहकारी भेटतात. रॉबर्ट वेडरबर्न हा जमैकातील एका गुलाम स्त्रीचा आणि स्कॉटिश मळेवाल्याचा मुलगा. १८१९ च्या सुमारास लंडनच्या एका माळ्यावर तो सभा घेई आणि इंग्लंडच्या गरिबांची मुक्ती व वेस्ट इंडीजच्या गुलामांची मुक्ती एकच आहे असे सांगे. त्याची भाषणे आज उपलब्ध आहेत ती कोणा अनुयायाने जपली म्हणून नव्हे, तर सभेत बसलेल्या सरकारी हेरांनी गृहखात्याला पाठविलेल्या अहवालांमुळे. विल्यम कफे हा सेंट किट्समधून आलेल्या एका माजी गुलामाचा मुलगा, धंद्याने शिंपी. १८३४ च्या संपात उतरल्यामुळे त्याची नोकरी गेली. पुढे तो लंडनमधील चार्टिस्टांचा अग्रगण्य नेता झाला. १८४८ साली त्याला २१ वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८७० साली टास्मानियात, एका अनाथाश्रमवजा सरकारी आसऱ्यात, तो निवर्तला. सार्वत्रिक मताधिकाराच्या लढ्यात आघाडीवर असलेला हा पुढारी दीर्घकाळ त्या लढ्याच्याच इतिहासाच्या कडेला पडून राहिला. हा दोष केवळ सरकारी इतिहासकारांचा नाही. ज्यांनी श्रमिकांचा इतिहास लिहिला, त्यांनीही श्रमिक म्हणजे गोरा पुरुष, असे नकळत गृहीत धरले. समाजवाद्यांनी हे प्रांजळपणे कबूल केलेले बरे.

हा इतिहास उकरून काढण्याचे श्रेय कोणाचे? आज मोठमोठी संग्रहालये त्याची प्रदर्शने भरवितात, त्यामुळे हे त्यांच्या उदारतेचे फळ आहे असा समज होतो. सत्य याच्या उलट आहे. त्रिनिदादहून आलेल्या सी. एल. आर. जेम्सने पॅरिसच्या दप्तरखान्यात बसून हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचा इतिहास अभ्यासला आणि १९३८ साली तो प्रसिद्ध केला. त्याच त्रिनिदादच्या एरिक विल्यम्सने ऑक्सफर्डमध्ये संशोधन करून, १९४४ च्या आपल्या ग्रंथात गुलामगिरी व भांडवलशाही यांचे नाते मांडले. पीटर फ्रायर या पत्रकाराने १९४८ साली कॅरिबियन प्रवाशांना घेऊन आलेल्या 'एम्पायर विंडरश' या बोटीची बातमी दिली होती. १९५६ मध्ये हंगेरीतील उठावाविषयी सत्य लिहिल्यामुळे त्याचे कम्युनिस्ट पक्षाशी फाटले. पुढे १९८४ साली याच फ्रायरने ब्रिटनमधील कृष्णवर्णीयांचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. १९८१ साली, म्हणजे ज्या वर्षी लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसी जाचाविरुद्ध उद्रेक झाला त्याच वर्षी, लेन गॅरिसन या शिक्षकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र अभिलेखागार स्थापन केले. आपल्या मुलांना शाळेत आपला इतिहास मिळत नाही, हे त्यामागचे दुःख होते. घराघरांतून पत्रे, छायाचित्रे, हस्तपत्रके गोळा करून उभ्या राहिलेल्या या संस्थेला ब्रिक्स्टनमध्ये स्वतःची कायम वास्तू मिळायला २०१४ साल उजाडावे लागले. प्रतिष्ठित संस्था जागी झाली ती या साऱ्यांनी दार ठोठावल्यानंतर.

नाव परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मारी-गियमीन बनवा या चित्रकर्तीने १८०० साली काढलेले एका कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र आहे. सव्वादोनशे वर्षांच्या वाटचालीत त्या चित्राच्या नावात केवळ तिच्या वर्णाचा उल्लेख राहिला. २०१९ साली ऑर्से संग्रहालयाच्या प्रदर्शनात ती ग्वादलूपहून आणलेली मादलेन होती, असे तिच्या नावाने जाहीर झाले. मानेच्या जगप्रसिद्ध 'ऑलिंपिया' चित्रात पुष्पगुच्छ घेऊन उभी असलेली दासी म्हणजे लॉर नावाची पॅरिसमधील स्त्री होती, हेही त्याच प्रदर्शनाने ठळक केले. इंग्लंडात १५११ च्या राजदरबारी शर्यतींच्या चित्रपटात घोड्यावर बसून कर्णा फुंकणारा एक कृष्णवर्णीय वादक दिसतो. राजाच्या हिशेबवहीमुळे त्याचे नाव कळते: जॉन ब्लँक, मजुरी रोजची ८ पेन्स. त्याने राजाकडे अर्ज करून इतर कर्णेवाल्यांइतकीच मजुरी मागितली आणि ती दुप्पट करून घेतली. समान कामाला समान दाम मागणारा तो अर्ज पाचशे वर्षे दप्तरात पडून होता.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दरबारातील कर्णेवाला, चित्रातील सुंदर स्त्री, उमरावाच्या घरी वाढलेली मुलगी अशा निवडक व्यक्तींवर प्रकाशझोत टाकणे संग्रहालयांना सोयीचे असते. त्यांच्या कथा मनोहर असतात आणि कोणाच्या तिजोरीला धक्का लागत नाही. ज्या अफाट समूहाच्या घामावर त्या तिजोऱ्या भरल्या, तो मात्र पुन्हा अंधारातच राहतो. मळ्यांच्या नोंदवह्यांत केवळ एक नाव, वय आणि जन्मस्थान एवढ्यावर उरलेली माणसे हा या इतिहासाचा गाभा आहे. दुसरी सावधगिरी अशी की, दप्तर जेथे मुके आहे तेथे कल्पनेने भर घालण्याचा मोह टाळला पाहिजे. शोषितांच्या बाजूने लिहिलेला खोटा इतिहास अखेर शोषकांच्याच उपयोगी पडतो. जे पुसले गेले ते पुसले गेले असे सांगणे आणि कोणी पुसले हे दाखविणे, हाच तेथे इतिहास होय.

आणि पुसण्याचे काम पद्धतशीरपणे झालेले आहे. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने १९०८ साली काँगो सरकारच्या स्वाधीन करण्यापूर्वी आपल्या राजवटीची कागदपत्रे भट्टीत घालून जाळली. रबरासाठी जेथे माणसांचे हात तोडले गेले, त्या राजवटीचा पुरावा राजाने स्वतःच नष्ट केला. ब्रिटिशांनी वसाहती सोडताना अडचणीचे कागद जाळले, बुडविले आणि उरलेले गुपचूप मायदेशी नेले. केनियातील माउ माउ उठावाच्या काळात छळछावण्यांत यातना भोगलेल्या वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली, तेव्हा २०११ साली परराष्ट्र खात्याला कबूल करावे लागले की, ३७ माजी वसाहतींतील सुमारे ८,८०० फायली एका बंदिस्त सरकारी आवारात लपवून ठेवलेल्या आहेत. २०१३ साली ५,२२८ केनियनांसाठी सुमारे २ कोटी पौंडांची तडजोड झाली. दप्तर उघडले नसते तर हे वृद्ध खोटे ठरले असते.

दप्तराचा प्रश्न जिवंत माणसांच्या भाकरीशी कसा भिडतो, हे विंडरश प्रकरणाने दाखवून दिले. युद्धोत्तर काळात ब्रिटनच्या उभारणीसाठी कॅरिबियन बेटांतून बोलाविलेल्या कामगारांच्या आगमनाची चिठ्ठीवजा नोंदपत्रे गृहखात्याकडे होती. २०१० साली ती नष्ट करण्यात आली. त्यानंतर त्याच खात्याने त्याच माणसांकडे, तुम्ही या देशात केव्हा आलात त्याचा पुरावा आणा, अशी मागणी सुरू केली. आयुष्यभर इमानाने राबलेल्या वृद्धांची नोकरी गेली, औषधोपचार थांबले, कित्येकांना कोठडीत टाकले, काहींना मायदेशी धाडले. २०१८ साली हे प्रकरण उघड झाले आणि गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात तो हाच प्रकार! ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती नागरिकत्व, हे ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी या वृद्धांना विचारावे.

कागदांचे जे, तेच वस्तूंचे. १८९७ साली ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातील बेनिन नगर जाळले आणि राजवाड्यातील सहस्रावधी पितळी व हस्तिदंती शिल्पे लुटली. ती शिल्पे म्हणजे त्या राज्याचे दप्तरच होते. राजांच्या कारकिर्दी त्यांत कोरलेल्या होत्या. त्यांपैकी ९०० हून अधिक वस्तू आजही ब्रिटिश म्युझियमकडे आहेत, आणि १९६३ च्या कायद्यामुळे आम्हांला त्या देता येत नाहीत, असे ते संग्रहालय सांगते. कायदा पार्लमेंटने केला, तो पार्लमेंट बदलू शकते, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. जर्मनीने २०२२ साली अशा हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. फ्रान्सने २०२१ साली दाहोमीच्या राजवाड्यातून लुटलेल्या २६ वस्तू आजच्या बेनिन देशाला परत केल्या. लूट परत केल्याने लंडन वा बर्लिन उजाड झाले नाही.

या साऱ्याला विरोधही तेवढाच प्रखर आहे. ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचा वसाहतवादाशी वा गुलामगिरीशी असलेला संबंध एका अहवालात नोंदविला, तेव्हा हा राष्ट्राचा अपमान आहे अशी ओरड झाली. आजच्या नीतीने कालच्या माणसांना जोखू नका, असे सांगितले गेले. हा युक्तिवाद ऐकायला समंजस वाटतो, परंतु तो एक मोठी गोष्ट विसरतो. गुलामगिरी अन्यायाची आहे हे कालच्या माणसांनाही ठाऊक होते. कारण गुलाम हीही कालचीच माणसे होती. त्यांनी पळून जाऊन, बंड करून आणि फासावर चढून आपला अभिप्राय नोंदविला होता. १७९५ साली क्युरासाव बेटावर टुलाच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला, तो एकविसाव्या शतकातील नीतिशास्त्र वाचून नव्हे.

नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी १९ डिसेंबर २०२२ रोजी गुलामगिरीबद्दल आपल्या शासनाच्या वतीने क्षमा मागितली, ती हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात उभे राहून. स्थळाची निवड योग्य होती. परंतु क्षमायाचना, प्रदर्शन आणि भिंतीवरील नवी पाटी एवढ्यावर हा प्रश्न संपणार असेल तर तो केवळ मनाच्या समाधानाचा सोहळा ठरेल. मागणी स्पष्ट असली पाहिजे. वसाहतींची सर्व दप्तरे खुली व्हावीत आणि ज्यांच्याविषयी ती आहेत त्यांच्या देशांना ती विनामूल्य उपलब्ध व्हावीत. नोंदसूचीतील जुनी वर्णनिष्ठ नावे दुरुस्त व्हावीत, पण जुनी नोंदही शेजारी राहावी. कारण तीही गुन्ह्याचा पुरावा आहे. या संस्थांत कृष्णवर्णीयांना पहारेकरी आणि झाडूवाले म्हणूनच नव्हे, तर संग्राहक, सूचीकार आणि विश्वस्त म्हणून स्थान मिळावे. लुटीच्या वस्तू परत जाव्यात. ज्या छोट्या लोकसंस्थांनी हे काम पदरमोड करून सुरू केले त्यांना स्थिर साहाय्य मिळावे, वर्षावर्षाच्या अनुदानासाठी त्यांना दारोदार हिंडावे लागू नये.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हा विषय परका नाही. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्यांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नावच त्या लढ्याकडून घेतले. त्याहूनही जुना दुवा दख्खनच्या मातीतच आहे. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि १६१७ साली त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. राइक्सम्युझियमच्या प्रदर्शनात ज्या दहा व्यक्तींच्या कथा मांडल्या होत्या, त्यांपैकी एकाचे आडनाव 'व्हान बेंगालेन', म्हणजे 'बंगालचा', एवढेच उरले होते. डच कंपनीच्या बाजारात हिंदी माणसेही विकली जात होती, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कितीशी आढळते?

म्हणून युरोपच्या संग्रहालयांना जाब विचारणाऱ्यांशी येथील पुरोगाम्यांची सहानुभूती असणे पुरेसे नाही. तोच प्रश्न जवळच्या दप्तरखान्यातही विचारला गेला पाहिजे. गिरणीच्या हजेरीपटात, वेठबिगारीच्या नोंदीत, पाटलाच्या वहीत ज्यांची नावे केवळ अंगठ्याच्या ठशापुरती उरली आहेत, त्यांचा इतिहास कोण लिहिणार? जेथे कागद आहेत तेथे ते वाळवीच्या आधी वाचले पाहिजेत, आणि जेथे कागद नाहीत तेथे ज्यांना आठवते अशी म्हातारी माणसे आहेत तोवर ते टिपून घेतले पाहिजे. ब्रिक्स्टनच्या एका शिक्षकाने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी तेवढेच केले होते. प्रत्येक तालुक्यात असे काम करू शकणारे चार कार्यकर्ते आजही सापडतील.